हाताचा अंदाज आणि वहीतील नोंद

मानवत, सेलू किंवा परभणीच्या बाजारात कापसाचा भाव ठरतो, तेव्हा पहिला निवाडा हाताचा असतो. जुना व्यापारी ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, आतला कापूस मुठीत दाबून ओल पाहतो, चिमटीत थोडी रुई धरून तंतू ओढतो आणि मनाशी आकडा बांधतो. आता आर्द्रता मोजणारी यंत्रे आली आहेत. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत 8 टक्के ओलावा प्रमाण मानला जातो. त्यापुढे 12 टक्क्यांपर्यंत भाव उतरत जातो आणि त्याहून ओला माल घेतला जात नाही. तरीही यंत्र लावण्याआधी हात ढिगात जातोच. मात्र भाव एकदा ठरला की तो हातात राहत नाही, वहीत उतरतो; तारीख, वजन, दर, अडत, हमाली, सारे काही.

त्याच व्यापाऱ्याच्या घरात, दुकानामागच्या स्वयंपाकघरात, या व्यवहाराचा अर्धाच भाग चालत आला आहे. तिथे हात आहे, वही नाही. ज्या घरात तीन-तीन पिढ्यांचे रोजमेळ लाल कापडात बांधून ठेवलेले असतात आणि दरवर्षी लक्ष्मीपूजनाला नवी वही पूजली जाते, त्या घरात आजीच्या आमटीची एक ओळ सापडत नाही. आजी असेपर्यंत त्याची उणीव कोणाला जाणवत नाही. नात शिक्षणासाठी पुण्याला गेली, दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहू लागली, की एका सायंकाळी सूर्यास्ताला तासभर उरला असताना तिचा फोन येतो.

“आजी, डाळीत हिंग किती घालू?”

“थोडा.”

“थोडा म्हणजे किती गं?”

“अगं माय, लागंल तेवढा!”

या उत्तरावर घरात हसू उमटते. पण नातीची डाळ त्या दिवशी कडू होते. आजी लबाडी करत नसते. साठ वर्षांत तिच्या बोटांनी हिंगाची चिमूट इतक्या वेळा उचललेली असते, की तिला तो आकडा म्हणून ठाऊकच नसतो. (अंदाज हा शब्द कधीकधी गुपित राखण्यासाठीही वापरला जातो, हेही खरे. आपल्या हातच्या लोणच्याचे प्रमाण जावेला न सांगणाऱ्या श्राविका प्रत्येक गावात असतात.)

जुने स्वयंपाकघर मापावाचून चालत होते, असे मात्र समजू नये. परभणी जिल्हा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता. दशमान वजने इकडे त्यानंतरच्या वर्षांत हळूहळू रुळली. त्याआधी कोठीघरात दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली होती. ही मापे आकारमानाची, वजनाची नव्हेत. एक मापटे ज्वारी आणि एक मापटे लाह्या यांचे वजन सारखे असत नाही, म्हणून माप भरतानाच धान्याची ओळख लागे. दाणे मापाने निघत. मीठ, तिखट आणि पाणी हाताने पडे. मापटे गेले, किलो आला. पण हाताने पडणारा भाग होता तसाच राहिला.

मराठी घरांत छापील पाककृतीला प्रतिष्ठा येण्यास बराच काळ लागला. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ 1910 साली निघाले. परंतु घराघरांत पोहोचले ते कमलाबाई ओगले यांचे 1970 मधील ‘रुचिरा’. वाटी आणि चमचा ही प्रत्येक स्वयंपाकघरात असलेली साधने कमलाबाईंनी प्रमाण म्हणून वापरली, आणि नव्या गृहिणीच्या मनातील भीती त्यामुळे गेली. लग्नात हे पुस्तक देण्याची चाल पडली, ती उगाच नव्हे.

जैन घरात मात्र पुस्तक उघडले की दुसरा प्रश्न उभा राहतो. कृतीतून कांदा काढायचा, लसूण काढायचा, बटाटा काढायचा, ओले आले काढून त्याजागी सुंठ घालायची. मग उरते त्याचे प्रमाण कोण सांगणार? कांद्याने रस्सा दाट होतो आणि त्याला गोडसरपणा येतो. तो काढल्यावर दाटपणासाठी शेंगदाण्याचे किंवा तिळाचे कूट लागते, आणि कूट वाढले की मीठ-तिखटाचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. बटाट्याऐवजी कच्चे केळे घेतले तर ते लवकर शिजते, जास्त शिजले की चिकट होते आणि गार झाल्यावर कोरडे पडते. छापील कृतीतील चार वस्तू वजा केल्या की बाकी आपोआप जुळत नाही. ती जुळवण्याचे काम श्राविकांनी पिढ्यानपिढ्या केले, आणि नेमके तेच कुठे लिहिले गेले नाही.

आणि तरीही ज्याला नियम म्हणावा, तो या स्वयंपाकघरात जितका काटेकोर आहे तितका क्वचितच कुठे असेल. गाळलेल्या पाण्याची मर्यादा 48 मिनिटे, उकळलेल्या पाण्याची 24 तास. दूध काढल्यापासून 48 मिनिटांच्या आत तापवायचे. पीठ पावसाळ्यात 3 दिवस, उन्हाळ्यात 5 आणि हिवाळ्यात 7 दिवस. दिगंबर परंपरेत सांगितलेल्या या मर्यादांना ‘साधारण’ किंवा ‘चवीनुसार’ असे शब्द चालत नाहीत. मीठ किती हे ज्या आजीला सांगता येत नाही, तिला दळण कोणत्या वारी आणले आणि ते कोणत्या वारी संपले पाहिजे, हे पंचांग न पाहता सांगता येते.

या जिल्ह्याच्या भाकरीत नियम आणि अंदाज यांची गाठ कशी पडते, ते पाहण्यासारखे आहे. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो. भाकरीला धरून ठेवते ती पिठाची विरी, आणि पीठ जुने झाले की विरी जाते. मग थापताना कडा फुटतात, भाकरी उचलताना तुटते, तव्यावर फुगत नाही. उकळते पाणी घालून उकड काढली तर काही प्रमाणात निभावते, इतकेच. म्हणजे सूक्ष्म जीवांच्या हिंसेपासून दूर राहण्यासाठी घालून दिलेली पिठाची मर्यादा पाळणाऱ्या घरात भाकरीही आपसूक चांगली होते. धर्माज्ञा चवीसाठी सांगितली गेली, असा याचा अर्थ नाही. परंतु दर चार दिवसांनी गिरणीवर छोटा डबा पाठवणाऱ्या घराला विरी गेलेल्या पिठाशी झगडावे लागत नाही, हे खरेच.

पाणी किती, हे मात्र मर्यादेच्या कोष्टकात येत नाही. ते दाण्यावर, दळणाच्या बारीकपणावर आणि हवेवर ठरते. 1972 साली स्थापन झालेल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी मोती’ हा रब्बीचा वाण दिला. पुढे 2018 मध्ये लोह आणि जस्त अधिक असलेला ‘परभणी शक्ती’ आला. शेतात वाण बदलतो, आडतीवर नवे पोते येते, आणि स्वयंपाकघरात पहिल्या दिवशी परातीतले पाणी चुकते. दुसऱ्या दिवशी हात सावरतो. मे महिन्यात पारा 44 अंशांच्या वर चढणारा आणि थंडीत कधी एक आकडी होणारा हा जिल्हा आहे. इथे विरजण उन्हाळ्यात काही तासांत लागते आणि पौषात रात्रभर वाट पाहायला लावते. ‘दोन वाट्या पीठ, एक वाटी पाणी’ असे लिहून दिले तर ते खोटे ठरणार नाही. पण रोज खरेही ठरणार नाही.

अंदाजाची खरी परीक्षा चौक्यात होते. जिंतूरजवळच्या नेमगिरीला किंवा उखळदच्या नवागडला मुनिसंघाचा मुक्काम पडला, की आसपासच्या गावांतील कुटुंबे आहारदानासाठी चौका लावतात. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच, उभ्याने, ओंजळीत आहार घेतात. काही कमी पडले तर मागत नाहीत, आणि अंतराय आला तर तिथेच थांबतात. तो स्वयंपाक करणाऱ्या श्राविकेला त्यातले काहीही चाखून पाहता येत नाही. डाळीला मीठ लागले की नाही, हे तिला वासावरून, रंगावरून, उकळीच्या आवाजावरून आणि आपल्या हातावरच्या भरवशावरून ठरवावे लागते. शहरातल्या नामांकित आचाऱ्याच्या हातातला चाखण्याचा चमचा काढून घ्या आणि मग त्याला उभे करा. या गृहिणी काय करतात ते कळेल.

दुसरा अंदाज याहूनही अवघड, आणि त्याची वाहवा कधीच होत नाही. तो चवीचा नव्हे, संख्येचा. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपायचे आणि शिजवलेले ओलसर अन्न रात्र ओलांडून ठेवायचे नाही, हा नियम ज्या घरात आहे, तिथे उरलेला भात हे नुसते नुकसान राहत नाही, तो व्रताला लागणारा बट्टा असतो. आणि हे घर व्यापाऱ्याचे. हंगामात दुपारी बाराला गावाकडचे शेतकरी माल घेऊन येतात, कोणी जेवायला थांबते, कोणी पाणी पिऊन निघते. उपाशी कोणी जाता कामा नये आणि उरता कामाही नये. अशा घरातील सासू सकाळी आडतीवरच्या गाड्या मोजून पीठ काढते. हे गणित कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही.

तर मग लिहायचे की नाही? या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी दिले गेले आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात, 1025 च्या सुमारास, चावुंडराय दुसरा या ग्रंथकाराने कन्नडमध्ये ‘लोकोपकार’ रचला. शेती, पाणी, वास्तू यांच्याबरोबर त्यात पाकविद्येलाही जागा दिली. 1508 मध्ये तिसरा मंगरस या जैन कवीने शाकाहारी पाककलेवर ‘सूपशास्त्र’ लिहिले. अन्न हा लिहिण्याचा विषय आहे, हे ज्यांच्या पूर्वसूरींनी पाचशे वर्षांपूर्वी मानले, त्यांच्या घरात आज आजीची आमटी बेवारस जावी, याचे नवल वाटते.

अडचण आहे ती कशी लिहायची याची. आजीला विचारून उपयोग नाही, हे फोनवर सिद्ध झालेच आहे. यावर व्यापाऱ्याच्या घरात बसलेला एक उपाय आहे. दुकानात वर्षभर किती माल खपला, हे काढताना प्रत्येक पुडी कोणी आठवत बसत नाही. आरंभीची शिल्लक अधिक खरेदी, वजा अखेरची शिल्लक. तेच स्वयंपाकघरात करता येते. आजी आमटीला बसण्याआधी मिठाचा, तिखटाचा, तेलाचा डबा काट्यावर ठेवावा. आमटी उतरली की पुन्हा ठेवावा. फरक तो तिच्या हाताचा. तिला थांबवायचे नाही, चमचा हातात द्यायचा नाही, ‘थांब, मोजू दे’ असे म्हणायचे नाही. तसे म्हटले की तिचा हात बिथरतो आणि भलतेच प्रमाण मिळते. हिंगासाठी साधा काटा कामाचा नाही, सोनाराकडचा लागेल. ज्या घरात सराफी आहे, त्यांना तीही अडचण नाही.

एकदाच तोलून मात्र भागत नाही. उन्हाळ्यात एकदा, पावसाळ्यात एकदा, थंडीत एकदा तोलावे. आकड्याशेजारी आजीने काय पाहिले तेही लिहावे, कारण ती वजन पाहतच नाही. ती खूण पाहते. फोडणीत मोहरी तडतडायची थांबली, बेसनाचा कच्चा वास गेला, परातीतले पीठ तळहाताला चिकटेनासे झाले, भाकरीवर फिरवलेले पाणी सुकत आले. या खुणा विचारल्या तर आजी सांगते, भरभरून सांगते. ‘किती’ या प्रश्नाला ती गप्प बसते. ‘कधी’ विचारले की बोलू लागते.

पुण्याच्या खोलीतील नातीला वहीचे असे एक पान जरी मिळाले, तरी पुरेसे आहे. डावीकडे ग्रॅम, उजवीकडे खुणा, वर तिथी आणि दळणाचा वार. पहिल्या महिन्यात ती डावीकडचे वाचील. तिथले पाणी वेगळे, गिरणी वेगळी, ज्वारीही कदाचित दुसऱ्या जिल्ह्याची. म्हणून डावीकडचा आकडा कुठेतरी खोडून तिला शेजारी आपला लिहावा लागेल. सुट्टीला घरी आली की ती वही आजीपुढे ठेवील, आणि आजी चष्मा लावून त्या खाडाखोडीत आपल्या हाताची चूक शोधत बसेल.