गाडी थरथरते म्हणून लगेच इंजेक्टर काढू नका

पपईचा हंगाम लागला की शहादा तालुक्यात पिकअपला उसंत नसते. पहाटे मळ्यात गाडी लागते, दुपारी मार्केटला, संध्याकाळी पुन्हा दुसऱ्या मळ्यात. अशात गाडी स्लोला थरथरायला लागली, मिसिंग मारायला लागली, की पहिलं वाक्य कानावर येतं: ‘इंजेक्टर गेले.’ चार इंजेक्टरचा खर्च म्हणजे कित्येक फेऱ्यांचं भाडं. तपासणी न करता तो कुणी करू नये, असं माझं ठाम म्हणणं आहे.

थरथर हे नुसतं लक्षण आहे. आधी कान द्या. इंजिनचा आवाज एकसारखा आहे, पण केबिन आणि स्टिअरिंग हलतंय, तर इंजिन माउंटिंगचं रबर बघा. आवाजाचा ठेकाच चुकत असेल, तर एखादा सिलेंडर कमी काम करतोय. तरीही लगेच इंजेक्टरवर येऊ नका. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल काढा. पाणी असेल तर ते तळाशी वेगळं बसलेलं दिसेल. फिल्टर ते पंप या वाटेत थोडा वेळ पारदर्शक नळी लावा. बुडबुडे दिसले, तर लाइन हवा घेतेय. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी खूप सेल्फ मारल्यावर सुरू होते, त्याचं मूळ बऱ्याचदा इथेच असतं. फक्त थंड इंजिनवर थरथर आणि पांढरा धूर, मग सगळं ठीक, असं असेल तर हीटर प्लग तपासा. काळा धूर जास्त असेल तर एअर फिल्टर आणि काजळीनं अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह.

‘स्कॅनर लावला, त्यानं इंजेक्टर दाखवला,’ असंही सांगितलं जातं. स्कॅनर पार्ट दाखवत नाही, गडबड कुठल्या भागात आहे ते दाखवतो. पी०२०१ ते पी०२०४ हे कोड एक ते चार नंबरच्या इंजेक्टरच्या सर्किटचे आहेत. सर्किटमध्ये कनेक्टर आला, वायर आली. शेतरस्त्यांवर हादरे खाऊन घासलेली वायर हा कोड सहज आणते. पी००८७ म्हणजे रेलमध्ये प्रेशर कमी. ते चोक झालेल्या फिल्टरमुळे, थकलेल्या पंपामुळे किंवा रिटर्नला जास्त डिझेल सोडणाऱ्या इंजेक्टरमुळेही होतं.

सगळ्यात घातक गैरसमज जुन्या सवयीतून आलेला आहे. मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांत कोणता सिलेंडर मरतोय ते शोधायला मिस्तरी चालू इंजिनवर एकेका पाइपचा नट सैल करून बघायचे. एप्रिल २०१७पासून देशभर बीएस-४ आणि एप्रिल २०२०पासून बीएस-६ लागू झाल्यावर पिकअप कॉमन रेलच्या झाल्या. बोलेरो पिकअपचं २५२३ सीसीचं एमटूडीआयसीआर इंजिन त्यातलंच. अशा इंजिनच्या रेलमध्ये स्लोलाही २५०-३०० बारच्या आसपास प्रेशर असतं आणि लोडवर ते हजाराच्या वर जातं. पिकअपच्या टायरमध्ये साधारण ४ बार हवा असते, त्यावरून अंदाज करा. सैल नटातून सुटलेली डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. बाहेर टोचल्याएवढी खूण दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, पण आतलं मांस मरत जातं आणि बोट, कधी हातही गमवावा लागतो. कुणाला असं झालंच तर संध्याकाळची वाट बघू नका. लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात न्या आणि ‘प्रेशरनं डिझेल आत गेलंय’ हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गळती शोधायला हात कधीच फिरवू नका, पुठ्ठा फिरवा.

मग मेलेला सिलेंडर शोधायचा कसा? स्कॅनरवरून एकेक इंजेक्टर बंद करून. ज्याला बंद केल्यावर आवाजात फरकच पडत नाही, तो सिलेंडर आधीच काम करत नव्हता. नंतर रिटर्न टेस्ट: चारही इंजेक्टरच्या रिटर्नला सारख्या बाटल्या लावून इंजिन काही मिनिटं स्लोला चालवायचं. एका बाटलीत बाकीच्यांपेक्षा बरंच जास्त डिझेल आलं, तर तो इंजेक्टर आतून गळतोय. पण चारही बाटल्या सारख्या आल्या म्हणून इंजेक्टर निर्दोष ठरत नाहीत. टोकाला थेंब सोडणारं नोझल या टेस्टमध्ये पकडलं जात नाही. त्याची खूण ऑइलच्या पट्टीवर मिळू शकते: पातळी वाढलेली, ऑइल पातळ, डिझेलचा वास. अशी गाडी चालवत राहू नका, पिस्टन जळतो.

संशयित इंजेक्टर शेजारच्या सिलेंडरला टाकून बघणं हा खरा निवाडा. दोष त्याच्याबरोबर सरकला तर इंजेक्टर दोषी. जागेवरच राहिला तर कॉम्प्रेशन आणि व्हॉल्व्ह क्लिअरन्स बघा, नवा इंजेक्टर टाकून काही होणार नाही. काढून परत बसवताना खालचा तांब्याचा वॉशर दरवेळी नवा टाका. जुना वॉशर चफ-चफ आवाज करत गॅस सोडतो, भोवती काळं साचतं, आणि पुढच्या वेळी इंजेक्टर जागेवरून निघत नाही.

टाकीत थोडं रॉकेल टाकलं की नोझल साफ होतं, हाही समज अजून टिकून आहे. पंप आणि इंजेक्टर यांना वंगण डिझेलच देतं. रॉकेल ते वंगण कमी करतं आणि झीज वाढवतं. बाजारातल्या क्लीनरच्या बाटलीनं हलका थर निघू शकतो, झिजलेलं सीट भरून येत नाही.

शेवटी इंजेक्टरच ठरला, तरी चारही बदलायलाच हवेत असं नाही. डिझेल पंपवाल्याकडे चारही बेंचवर लावून घ्या आणि प्रत्येकाचं रीडिंग लिहून मागा. बऱ्याच कॉमन रेल इंजेक्टरच्या अंगावर अक्षरं-आकड्यांचा कोड असतो. नवा टाकल्यावर तो ईसीयूत भरावा लागतो. तो न भरता गाडी दिली, तर नव्या इंजेक्टरवरही ती स्लोला तशीच थरथरू शकते. म्हणून गाडी ताब्यात घेण्याआधी कोड भरलेला स्कॅनरवर बघा आणि काढलेला जुना इंजेक्टर मागून घ्या.