तारखांचा मेळ

“आज तारीख काय?” हा प्रश्न फार सोपा वाटतो. परंतु दोन ठिकाणी दोन तारखा दिसू लागल्या की खरी कोणती मानावी, हे कळत नाही. गेल्या वर्षी मला याचा अनुभव आला. परीक्षेच्या वेळापत्रकाची फाईल मी मोबाईलमधल्या कॅलेंडरमध्ये उतरवून घेतली होती. पुढे वेळापत्रक बदलले. मूळ ठिकाणी नवी तारीख आली. माझ्या मोबाईलमध्ये मात्र जुनीच राहिली. आदल्या रात्री मैत्रिणीचा फोन आला म्हणून सकाळची एस. टी. पकडता आली, नाहीतर एक पेपर बुडालाच असता.

असे का झाले, हे समजून घेताना आपल्याच भागातल्या एका जुन्या सनाची आठवण झाली. १९४८ पर्यंत जालना निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तेथे सरकारी दप्तरात फसली सन चाले. हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळे सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते आणि त्याचे महिने ऋतूंमधून सरकत जातात. शेतसारा तर पीक हाती आल्यावरच देता येणार! म्हणून हंगामाशी जुळणारा सन हवा होता. दख्खनमध्ये शहाजहानच्या काळात, १६३६ च्या सुमारास, चालू हिजरी आकडा घेऊन फसली सन सुरू झाला. आकडा हिजरीचा, पण पुढची मोजणी सौर वर्षाची.

आरंभी दोन्ही सन बरोबर होते. नंतर सुमारे ३३ वर्षांना एक वर्ष या हिशेबाने हिजरी पुढे जात राहिला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, तेव्हा हिजरी सन १३६७ होता आणि फसली १३५७. म्हणजे दहा वर्षांचे अंतर! त्यामुळे जुन्या कागदावरचा नुसता आकडा वाचून भागत नाही. सन कोणता, हेही पाहावे लागते. हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरच्या आरंभी सुरू होई. म्हणून इसवी सन काढताना डिसेंबरपर्यंत ५९० व जानेवारीपासून ५९१ मिळवावे लागतात.

माझ्या मोबाईलचे नेमके हेच झाले होते. फाईल उतरवून घेणे म्हणजे त्या दिवसाची नक्कल करणे. नक्कल झाली की मुळाशी संबंध तुटतो. याउलट, कॅलेंडरचा दुवा जोडला तर मोबाईल ठरावीक वेळाने मुळाकडे जाऊन बदल विचारून येतो. मात्र यास कधी कधी काही तास लागतात, हे ध्यानात ठेवावे.

वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॅलेंडरांना एकमेकांची नोंद वाचता यावी म्हणून १९९८ मध्ये ‘आयकॅलेंडर’ हा समान नमुना ठरला. त्यात प्रत्येक नोंदीला स्वतंत्र ओळखक्रमांक असतो. त्यामुळे तारीख बदलली तरी नोंद तीच आहे, हे यंत्राला कळते व जुनी पुसून नवी लिहिता येते. नोंदीची वेळ कोणत्या देशाच्या घड्याळाची, हेही लिहिता येते. मोबाईलमध्ये भारतीय वेळ निवडलेली नसेल, तर अकराचा पेपर भलत्याच वेळी दिसेल.

तात्पर्य, मेळ घालायचा तर तीन गोष्टी कराव्यात. कोणतेही एकच कॅलेंडर मूळ मानावे. मोबाईल व संगणक दोन्हींवर त्याच एका खात्याने प्रवेश करावा. आणि दुसऱ्याचे वेळापत्रक हवे असेल तर नक्कल न करता दुवा जोडावा.

आपल्यापैकी पुष्कळजण घरातले पहिलेच कॉलेजात आलेले आहेत. तारीख बदलली, हे सांगणारे घरी कोणी नसते. तेव्हा हा मेळ आपला आपणच घालायला हवा. आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी सूचनाफलकही एकदा डोळ्यांखालून घालावा, हे बरे.