पहिला फोन लागला. दुसरी भेट कधी?

कॉलेजच्या कट्ट्यावर आज ‘अँक्झायटी’, ‘पॅनिक अटॅक’, ‘थेरपिस्ट’ हे शब्द सर्रास ऐकू येतात. वीस वर्षांपूर्वी असं कुणी बोललं असतं, तर ‘याच्या डोक्यावर परिणाम झालाय’ एवढ्यावर विषय संपला असता. तरुण मुलं-मुली आता बोलतात, मदत मागतात. त्यांच्यासाठी फोनलाइन, ॲप, समुपदेशक असे नवे दरवाजेही उघडले आहेत. मात्र उपचार एका बोलण्यात होत नाहीत, आणि आपल्या व्यवस्थेची खरी गळती पहिल्या बोलण्यानंतर सुरू होते.

गरज किती, पोहोच किती

बंगळूरुच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात महाराष्ट्र नव्हता. शेजारचे गुजरात, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड होते. १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले. महानगरांत हे प्रमाण १३.५ टक्के, ग्रामीण भागात ६.९ टक्के होतं. प्रौढांमध्ये नैराश्य, चिंता असे नेहमी आढळणारे विकार असलेल्या दर शंभरांपैकी सुमारे ८५ जणांना उपचार मिळत नव्हते.

या सगळ्यात वय महत्त्वाचं आहे. जगभरातल्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानुसार जवळजवळ निम्मे मानसिक विकार वयाच्या १८ वर्षांआधी आणि साठ टक्क्यांहून अधिक २५ वर्षांआधी सुरू होतात. म्हणजे दहावी-बारावी, पहिलं हॉस्टेल आणि पहिली नोकरी याच काळात सेवा हाताशी असायला हवी.

मदत घेण्याबद्दलचा संकोचही पुरता गेलेला नाही. युनिसेफने २०२१ च्या सुरुवातीला २१ देशांत विचारणा केली, तेव्हा मानसिक त्रासात इतरांची मदत घेणं चांगलं, असं भारतातल्या १५ ते २४ वयोगटातले फक्त ४१ टक्के तरुण म्हणाले. सर्व देशांची सरासरी ८३ टक्के होती.

आधी फोन, मग दवाखाना

तालुक्याच्या गावात मनोविकारतज्ज्ञाचा जिना चढताना कुणी पाहिलं, तर ती बातमी संध्याकाळच्या आत घरी पोहोचते. फोनला ही भीती नाही. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१२ मध्ये ‘आयकॉल’ ही फोन आणि ईमेलवरून समुपदेशन करणारी सेवा सुरू केली, ती याच गरजेतून.

केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि पैसे पडत नाहीत. फोन लावला की आधी भाषा निवडायची. २० भाषांत मराठी आहे. मग प्रशिक्षित समुपदेशक बोलतो. त्रास गंभीर वाटला, तर तो फोन मानसोपचार क्षेत्रातल्या तज्ज्ञाकडे देतो आणि प्रत्यक्ष भेट लागणार असेल तर जवळच्या सरकारी सेवेचा पत्ता सांगतो. २०२५ पर्यंत या क्रमांकावर वीस लाखांहून अधिक फोन आले.

शाळेत मुलं कधी येतात?

समुपदेशकाची खोली आहे, पण तिकडे कुणी फिरकत नाही, अशी तक्रार अनेक शाळांत असते. गोव्यात १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘संगत’ संस्थेने ‘प्राइड’ प्रकल्पात यावर काम केलं. दिल्लीच्या सरकारी शाळांत त्यांनी आधी वर्गावर्गांत व्हिडिओ दाखवून चर्चा घेतली. ज्या वर्गांत हे झालं, तिथून समुपदेशकाकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांचं प्रमाण स्पष्टपणे वाढलं, आणि पुष्कळ जण आपणहून आले.

पुढची पद्धतही साधी होती. त्रास नेमका कशाचा ते ठरवायचं, त्यावरचे पर्याय लिहायचे, एक निवडून करून बघायचा. तीनेक आठवड्यांत थोडक्या वेळाच्या चार-पाच भेटी, सोबत चित्रकथांच्या पुस्तिका. समुपदेशक पदवीधर मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. ते प्रशिक्षण घेतलेले सामान्य कार्यकर्ते होते. मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणी यामुळे हलक्या झाल्या. आजाराच्या लक्षणांवर मात्र सहा आठवड्यांत तेवढा फरक पडला नाही. सौम्य त्रासाला हा पहिला आधार पुरतो, वाढलेल्या आजाराला पुढची सोय लागतेच.

गळती कुठे होते?

देशात लाख लोकांमागे एक मनोविकारतज्ज्ञही नाही. हे प्रमाण ०.७५ च्या आसपास सांगितलं जातं, हवेत किमान तीन. जे आहेत ते बहुतेक शहरांत. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं ही परीक्षेच्या धास्तीने झोप उडालेल्या मुलीची जागा नव्हे. तिच्यासाठी जिल्हा रुग्णालयाची ओपीडी आहे, पण ती भरते सकाळी, ऐन लेक्चरच्या वेळी. केसपेपर काढण्यापासून गोळ्या हातात पडेपर्यंत अर्धा दिवस जातो. खासगी सेशनला शहरात हजार-दीड हजार रुपये सहज पडतात, आणि ते दर आठवड्याला घरी कोणत्या खात्यावर दाखवायचे?

औषधांचं गणितही समजून घ्यावं लागतं. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ, झोपेतला फरक असे त्रास मात्र पहिल्या काही दिवसांतच जाणवू शकतात. ‘सवय लागेल’ ही भीती त्यात भर घालते आणि दुसऱ्या आठवड्यात गोळ्या बंद होतात. डॉक्टरांनी हे आधी नीट सांगितलं असेल, तर पुष्कळ जण टिकतात.

कायदा काय देतो?

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार सरकारी मानसिक आरोग्यसेवा मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. उपचारांची माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक आहे. जीवाला धोका असेल तेव्हा याला अपवाद आहे. १८ वर्षांखालील मुलांसाठी पालक हे नामनिर्देशित प्रतिनिधी असतात, त्यामुळे त्यांना वगळून उपचार चालत नाहीत. विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने संरक्षण द्यावं, असंही कायदा सांगतो. पण बऱ्याच पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च देतात, समुपदेशनाचा नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात विद्यार्थ्यांच्या १३,०४४ आत्महत्यांची नोंद आहे. त्यांत सर्वाधिक, १,७६४, महाराष्ट्रातल्या. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोचिंग क्लासेससह सर्व शिक्षणसंस्थांसाठी निर्देश दिले: १०० किंवा अधिक विद्यार्थी असतील, तर किमान एक पात्र समुपदेशक हवा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं आहे.

कुणाकडे जायचं?

मनोविकारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात. औषधं तेच लिहून देतात. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ते चाचण्या आणि मानसोपचार करतात. समुपदेशकांचं शिक्षण मात्र फार कमी-जास्त असतं, म्हणून ते विचारून घ्यावं. त्यात अवघड वाटण्यासारखं काही नाही. झोप, भूक, अभ्यास किंवा काम दोन आठवड्यांहून अधिक बिघडलं, तर कुणाला तरी दाखवावंच. जीव द्यावासा वाटत असेल, तर दोन आठवडे थांबायचं नाही. त्याच क्षणी १४४१६ लावावा आणि जवळच्या माणसाला सोबत घ्यावं.

मोजायचं काय?

किती फोन आले, किती कार्यशाळा झाल्या, हे अहवालांत येतं. त्यावरून मुलं दारापर्यंत आली एवढंच कळतं. कॉलेजांनी आणि जिल्हा रुग्णालयांनी नावं न देता आणखी एक आकडा द्यावा: पहिल्यांदा आलेल्यांपैकी तिसऱ्या भेटीपर्यंत किती टिकले? तो आकडा कमी निघाला, तर उपाय फारसे महाग नाहीत. आठवड्यातून एक संध्याकाळची ओपीडी, शक्यतो तोच समुपदेशक, आणि भेट चुकली तर दुसऱ्या दिवशी विचारपूस करणारा एक फोन, एवढ्यापासून सुरुवात करता येते.