शुगरच्या स्ट्रिप विकताय? डबीवरची तारीख तुमची नाही!

मेडिकल किंवा सर्जिकलचं छोटं दुकान काढायचं म्हणणारे बरेच जण मला सांगतात, "मॅडम, शुगरच्या स्ट्रिप आणि टेस्ट किट ठेवणार आहे. माल छोटा, जागा कमी लागते, ग्राहक परत परत येतो." तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण हा माल शेल्फवर बसल्या बसल्या खराब होतो आणि दिसायला मात्र नव्यासारखाच दिसतो. बिस्किटाचा पुडा मऊ पडला की ग्राहक परत आणून देतो. खराब स्ट्रिप परत येत नाही. ती चुकीचा आकडा दाखवते, आणि तो आकडा बघून कुणीतरी इन्सुलिनचा डोस ठरवतं.

स्ट्रिपच्या टोकाला एन्झाइमचा थर असतो. रक्तातल्या साखरेशी त्याची क्रिया होते आणि मीटर ती मोजतो. उष्णता आणि दमट हवा हे या एन्झाइमचे शत्रू. म्हणून बहुतेक डब्यांवर थर्मामीटरचं छोटं चित्र असतं आणि शेजारी तापमानाची मर्यादा, साधारण २ ते ३० किंवा ४ ते ३० अंश सेल्सिअस. वाळूच्या घड्याळाचं चित्र म्हणजे शेवटची तारीख. ही दोन चित्रं एकत्रच वाचायची. कंपनी जी तारीख देते ती माल त्या तापमानात राहिला तरच. जळगाव, अकोला, नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याच्या छताखाली, वरच्या कप्प्यात ठेवलेल्या डबीवरची तारीख मग नुसती छापलेली राहते.

आता खरा हिशोब. कागद-पेन घ्या.

तुमच्याकडे ५० स्ट्रिपचा बॉक्स आहे, एक्सपायरीला चार महिने बाकी. विकायचा का? ग्राहक कोण आहे त्यावर अवलंबून. रोज एकदा तपासणाऱ्या काकांचा तो ५० दिवसांत संपेल, बिनधास्त द्या. पण आठवड्यातून दोनदाच तपासणाऱ्या आजींना ५० स्ट्रिप २५ आठवडे पुरतात, म्हणजे जवळजवळ सहा महिने. शेवटचे दोन महिने त्या एक्सपायर माल वापरणार, आणि तो तुम्ही दिलेला असणार.

दुसरी गोष्ट याहून बारीक. काही ब्रँडच्या डबीवर लिहिलेलं असतं की झाकण उघडल्यापासून तीन महिन्यांतच वापरा. काहींना सहा महिने असतात, काहींना छापील तारखेपर्यंत चालतं, तेव्हा प्रत्येक ब्रँडचं पत्रक वाचा. तीन महिन्यांची अट असेल तर आजींच्या तेवढ्या काळात जेमतेम २६ स्ट्रिप वापरून होतात. उरलेल्या २४ चे पैसे पाण्यात. त्यांना २५ चा पॅक द्या. प्रति स्ट्रिप थोडा महाग पडतो, "मोठा का देत नाही?" असंही विचारतील. समजावून सांगा, आणि डबीवर मार्करने उघडायच्या तारखेसाठी जागा करून द्या. अशा ग्राहकाला दुसरं दुकान सापडत नाही, हे मी काउंटरवर उभी राहून शिकले आहे.

म्हणून माझ्या दुकानात प्रत्येक बॉक्सला दोन तारखा असतात. एक छापलेली. दुसरी मी पेनने लिहिते, 'शेवटची विक्री', छापील तारखेच्या सहा महिने आधीची. त्यानंतर तो बॉक्स फक्त रोज तपासणाऱ्यांनाच जातो. मांडणीचा नियमही तोच: आधी आला तो आधी विका असं नाही, आधी संपणार तो पुढे. नवा माल बऱ्याचदा जुन्यापेक्षा जवळच्या तारखेचा निघतो! बिल आल्यावर नग मोजतो ना, तसाच प्रत्येक बॅचची तारीख बघूनच माल उतरवून घ्या.

स्कीमबद्दल बोलायलाच हवं. "१० वर २ फ्री" ऐकलं की आपला हात लगेच ऑर्डरकडे जातो. महिन्याला तीन बॉक्स खपत असतील तर १२ बॉक्स म्हणजे चार महिने. त्यात तुमची सहा महिन्यांची मार्जिन मिळवा. म्हणजे मालाला किमान दहा महिने बाकी हवेत. आठ बाकी असतील तर ते दोन फ्री बॉक्स फ्री नाहीत. जवळच्या तारखेचा माल डिस्ट्रिब्युटर किती महिने आधी परत घेतो, हे पहिल्या ऑर्डरआधी लेखी घ्या. तोंडी "बघू आपण" ला काही किंमत नाही.

लॅबला किट पुरवणार असाल तर खेळ वेगळा. रक्तगटाचं अँटीसेरा, विडाल, सीआरपी-आरएची लेटेक्स किट यांना २ ते ८ अंश लागतं. इथे लोक उष्णतेला घाबरतात आणि थंडीने माल घालवतात. लेटेक्स एकदा गोठलं की संपलं, परत वितळवून उपयोग नाही. म्हणून किट फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. मागच्या भिंतीला टेकवू नका, दारातही नको. कमाल-किमान दाखवणारा डिजिटल थर्मामीटर आत ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ वहीत आकडा लिहा. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरा, लाइट गेली तर गारवा टिकतो. त्या वेळी दार उघडून बघायचा मोह मात्र टाळा. डिलिव्हरीला नेताना फ्रीजरमधून काढलेला बर्फाचा पॅक थेट किटला लावू नका, मध्ये पुठ्ठा घाला. आणि स्ट्रिपला हाच न्याय लावून त्या फ्रिजमध्ये ठेवू नका! तिथला ओलावा त्यांना मारतो. त्यांना कोरडा, सावलीतला खालचा कप्पा बास.

कागदपत्रांचं थोडक्यात: २०१७ च्या मेडिकल डिव्हाइस रूल्समध्ये ही टेस्टिंगची साधनं येतात. औषधविक्रीचा परवाना नसेल तर विक्रीसाठी एमडी-४२ नोंदणी लागते. अर्ज करण्याआधी जिल्ह्याच्या एफडीए ऑफिसमध्ये एक चक्कर मारून या. माल कुठे आणि किती तापमानात ठेवणार हे तिथे विचारलं जाईल, तेव्हा ती वही पहिल्या दिवसापासूनच सुरू करा.