वृद्धांमधील हृद्‌रोहिणी विकार आणि प्रतिमांकन

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांच्या (कॉरोनरी धमन्यांच्या) आतील बाजूस मेदयुक्त थर साचून त्या अरुंद होणे, यास हृद्‌रोहिणी विकार म्हणतात. ध्वनिलहरी, क्ष-किरण इत्यादींच्या साहाय्याने हृदयाची रचना व कार्य पाहण्याच्या पद्धतींना प्रतिमांकन म्हणतात. वृद्ध रुग्णांवरील उपचारांची दिशा ठरवण्यास या प्रतिमा साहाय्यभूत होतात; तथापि प्रतिमेत दिसणारा प्रत्येक अडथळा दूर करणे आवश्यक नसते.

वृद्ध रुग्णांचे वेगळेपण

उतारवयात छातीत कळ येण्याऐवजी दम लागणे, थकवा किंवा घेरी हीच लक्षणे आढळू शकतात. सांधेदुखीमुळे ट्रेडमिलवर चालणे अवघड असल्यास औषधाने हृदयावर ताण देऊन चाचणी करता येते. मूत्रपिंडे दुर्बल असल्यास अँजिओग्राफीतील रंगद्रव्य अपायकारक ठरू शकते. रक्त पातळ करणाऱ्या औषधांमुळे होणाऱ्या रक्तस्रावाचा धोकाही वयानुसार वाढतो.

प्रमुख तपासण्या

इकोकार्डिओग्राफी : इंगे एडलर व हेल्मुट हर्ट्झ यांनी १९५३ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे या पद्धतीचा पाया घातला. हृदयाची आकुंचनक्षमता व झडपांची स्थिती तीतून कळते. तीत किरणोत्सर्ग नसतो.

सीटी अँजिओग्राफी : रोहिण्यांत लक्षणीय अडथळा नाही, हे सांगण्यास ही विशेष उपयुक्त आहे. वृद्धांच्या रोहिण्यांत कॅल्शियम अधिक साचलेले असल्याने अडथळा प्रत्यक्षाहून मोठा भासू शकतो.

अँजिओग्राफी : मेसन सोन्स यांनी १९५८ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे हृद्‌रोहिणीत थेट रंगद्रव्य सोडून चित्रण केले. आज ही तपासणी बहुधा मनगटातील रोहिणीतून करतात. अडथळ्याच्या अलीकडील व पलीकडील दाब बारीक तारेने मोजून त्याचा रक्तप्रवाहावरील परिणामही तपासता येतो.

उपचारांचा निर्णय

२०२३ मधील 'फायर' या अभ्यासात हृदयविकाराचा झटका आलेले, एकाहून अधिक रोहिण्या बाधित असलेले, ७५ वर्षे व त्यापुढील १,४४५ रुग्ण होते. झटक्यास कारणीभूत रोहिणीबरोबरच, रक्तप्रवाह खरोखर रोखणारे अन्य अडथळेही मोजणी करून दूर केलेल्या गटात वर्षभरात मृत्यू, झटका, पक्षाघात वा पुन्हा प्रक्रिया यांचे एकत्रित प्रमाण कमी आढळले. २०२४ मधील 'सीनियर-रिटा' या ब्रिटिश अभ्यासात त्याच वयोगटातील १,५१८ रुग्ण होते. रोहिणी पूर्णपणे बंद न झालेल्या प्रकारच्या झटक्यानंतर औषधांना अँजिओग्राफीची जोड दिल्याने हृदयविकाराने मृत्यू व नवा झटका यांचे एकत्रित प्रमाण लक्षणीय घटले नाही. पुन्हा येणारे, प्राणघातक न ठरलेले झटके मात्र कमी झाले.

म्हणून केवळ वयामुळे उपचार नाकारणे जसे अयोग्य, तसेच केवळ प्रतिमा पाहून स्टेंट बसवणेही अयोग्य ठरते. रुग्णाचा अशक्तपणा, इतर व्याधी, स्मृती आणि स्वतःची इच्छा यांचा विचार आवश्यक असतो. तीव्र झटक्यात मात्र ईसीजी तत्काळ काढावा लागतो. प्रतिमांसाठी उपचार लांबवणे धोक्याचे असते.

खानदेशातील संदर्भ

जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुका सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. तेथील दुर्गम पाड्यांवरील वृद्धांना प्रगत तपासणीसाठी मोठ्या शहरापर्यंतचा प्रवास करावा लागतो. अशा वेळी जवळच्या रुग्णालयातील ईसीजीवरून तातडी ठरवता येते. जुने अहवाल, अँजिओग्राफीची सीडी व औषधांची यादी सोबत असल्यास अनावश्यक पुनर्तपासणी टळू शकते.

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली; त्यांत धुळे जिल्हा होता. पुढे ती जळगावसह राज्यभर लागू झाली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या आजच्या नावाने चालणाऱ्या या योजनेत अँजिओप्लास्टी व बायपास शस्त्रक्रिया यांचा समावेश आहे.