रातांब्याचा पाक आणि सोडावॉटर

कुलाबा जिल्ह्याचें नांव 1981 सालीं बदलून रायगड झालें. परंतु पेण व रोहा तालुक्यांतील रातांब्याचें नशीब त्याबरोबर फारसें पालटलें नाहीं. परसांत, नारळ-सुपारीच्या सावलींत किंवा डोंगराच्या उतारावर एखाददुसरें झाड असतें. वैशाखांत तें लाल फळांनीं भरतें. घरापुरतीं आमसुलें झालीं म्हणजे उरलेल्या फळाकडे सहसा कोणी पाहत नाहीं, आणि मृगाचा पाऊस सुरू झाला कीं झाडाखालीं त्याचा सडा पडून कुजतो. त्याच दिवसांत मुंबई-गोवा रस्त्यानें जाणारा उतारू पेणच्या आसपास थांबून थंड पेय मागतो, व बहुधा साखर, रंग आणि कृत्रिम वास यांचें पाणी पिऊन पुढें जातो. या दोहोंची गांठ कशी घालतां येईल, एवढाच या लेखाचा विषय आहे.

ती घालण्याची रीत जगांत नवी नाहीं. पाश्चात्य देशांत जिला 'इटालियन सोडा' म्हणतात ती वस्तु म्हणजे फळांचा किंवा सुगंधी द्रव्यांचा घट्ट पाक पेल्यांत ओतून त्यावर साधें सोडावॉटर घालणें, याहून अधिक कांहीं नाहीं. गंमत अशी कीं, नांव इटलीचें असलें तरी तिचा प्रसार अमेरिकेंत झाला. इटलींतील लुक्का गांवाशीं संबंध असलेल्या रिनाल्डो व एझिल्डा टोरे या दांपत्यानें 1925 सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें असे पाक करून विकण्यास आरंभ केला. त्यांच्या धंद्यांतील मर्म आपण घेण्यासारखें आहे: पाक निराळा, सोडा निराळा, आणि दोहोंची भेट गिऱ्हाईकाच्या पेल्यांतच.

शेतकऱ्यानें पाक करावा, सोडा करण्याच्या भरीस पडूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. फळाचा रस, थोडी साखर व वायू एकत्र करून बाटली भरली, तर त्या पातळ गोडींत किण्व सहज वाढतें, त्यापासून आणखी वायू उत्पन्न होतो, आणि बाटली फुटण्याचें भय राहतें. तें टाळावयाचें तर यंत्रें, शीतगृह व कुशल मनुष्यें पाहिजेत. घट्ट पाकाचें तसें नाहीं. ज्यांत साखरेचें प्रमाण शेकडा 65 च्या वर आहे, अशा पाकांत किण्वाला जगण्यापुरतें मोकळें पाणीच मिळत नाहीं. शिवाय रातांबा मूळचाच अतिशय आंबट, म्हणून तो पाक बिघडण्यास सहजीं तयार होत नाहीं.

आतां कृति. फळ पूर्ण पिकलेलें, गर्द लाल, परंतु कडक असावें. तें झाडावरून काढलेलें पाहिजे. जमिनीवरचें वेंचूं नये. पाऊस लागलेलें फळ पाणचट होतें व त्यास बुरशी लवकर धरते, म्हणून आपला सर्व हिशेब मृगापूर्वींचा. नवीन लागवड करणारांनीं दापोलीच्या कृषि विद्यापीठानें प्रसृत केलेल्या 'कोंकण अमृता' जातीचीं कलमें लावावीं. तिचें बहुतेक फळ पावसापूर्वीं हातीं येतें. बियांपासून केलेल्या रोपांत नर झाडें पुष्कळ निघतात, आणि सात-आठ वर्षें पाणी घातल्यावर नर निघालेलें झाड पाहून कोणालाही वाईट वाटेल. कलमांत ती भीति नाहीं.

फळें धुवून, पुसून, कोरडीं करावीं. मधोमध चिरून आंतील गर व बिया काढाव्या. फळाच्या वजनांत साल सुमारें निम्मी भरते. साल एक भाग व साखर दोन भाग, वजनानें, हें प्रमाण धरावें. चिनी मातीच्या बरणींत किंवा काचेच्या भांड्यांत एक थर सालीचा व एक थर साखरेचा असें भरीत जावें, सर्वांत वर साखर यावी. तोंडास फडकें बांधून बरणी सात-आठ दिवस ठेवावी, व रोज एकदां कोरड्या लांकडी पळीनें खालवर करावें. साखर सालींतील पाणी ओढून घेते आणि आपोआप विरघळते. पाण्याचा थेंबही वरून घालावयाचा नाहीं. एक किलो सालींत सुमारें पाऊण किलोहून अधिक पाणी असतें. तें दोन किलो साखरेंत मिळालें म्हणजे पाकाची घट्टाई शेकडा 65 च्या पुढें जाते. साखरेंत काटकसर करणाराचा पाक श्रावणांत फसफसतो, याचें कारण हेंच.

येथें दोन गोष्टी विशेष सांभाळाव्या. लोखंड, तांबें, पितळ किंवा ॲल्युमिनियम यांचें भांडें वापरूं नये; रातांब्याच्या आम्लानें धातु विरघळतो आणि रंगही बिघडतो. स्टेनलेस स्टील चालतें. दुसरें, पाक उकळूं नये. रातांब्याचा तो सुंदर रंग उष्णतेनें व उजेडानें विटतो; म्हणूनच गाळलेल्या पाकाच्या बाटल्या अंधाऱ्या, थंड जागीं ठेवावयाच्या. बाटल्या मात्र आधीं पाण्यांत उकळून, पूर्ण वाळवून घ्याव्या.

गर काढतांना वेगळ्या झालेल्या बिया फेंकूं नयेत. धुवून वाळविल्यावर त्यांतून जें तेल निघतें तें थंड झालें म्हणजे गोठतें, आणि भेगाळलेल्या टांचांना त्यासारखें औषध नाहीं, हें आपल्या घरच्या म्हाताऱ्या बायकांना ठाऊक आहेच.

सोड्याविषयीं पुष्कळांचा एक गैरसमज असतो. सोडावॉटरमध्यें खाण्याचा सोडा असतो असें समजून कोणी सरबतांत चिमूटभर सोडा टाकतात. क्षणभर फेंस येतो खरा. परंतु सोडा आंबटपणा मारतो, आणि तांबडा रंग जाऊन निळसर काळपट छटा येते. खऱ्या सोडावॉटरमध्यें केवळ पाणी व दाबानें विरघळविलेला कर्बद्विप्राणिद वायू असतो. इंग्लंडांत जोसेफ प्रीस्टले यानें 1767 सालीं दारूच्या पिंपावर सांचणाऱ्या वायूनें पाणी भारून पाहिलें, आणि 1783 च्या सुमारास जिनीव्हा येथें जेकब श्वेप यानें त्याचा धंदा केला. आपल्याकडील गोटीच्या बाटलीची युक्ति हिरम कॉड या इंग्रजाची, 1870 नंतरच्या दशकांतील; तींत आंतील वायूचा दाबच गोटीला गळ्यांतील रबरी कड्यावर घट्ट बसवितो, बूच लागत नाहीं.

हा वायू थंडीचा सोबती आहे. साधारण हवेच्या दाबाखालीं 0 अंश सेंटिग्रेडचें एक लिटर पाणी सुमारें 1.7 लिटर वायू धरून ठेवतें. 30 अंशांवर तें 0.7 लिटरसुद्धां धरीत नाहीं. आपल्याकडील मे महिन्यांत कोमट बाटली उघडली तर निम्मा सोडा हवेंत जातो. म्हणून सोडा आणि पाक दोन्ही आधींच थंड केलेले असावे. बर्फ शेवटीं टाकल्यास फेंस उसळून सांडतो, तो आधीं घालावा.

पेल्यांत प्रथम 30 मिलिलिटर पाक, मग बर्फ, आणि नंतर 180 मिलिलिटर सोडा पेला तिरका धरून कांठानें सोडावा. पाक जड असल्यामुळें तळाशीं बसतो. लांब चमच्यानें तळापासून एकदांच वर उचलावें, घुसळूं नये. मीठ व जिऱ्याची पूड रुचते. पण कोरडें मीठ सोड्यांत टाकलें कीं त्याच्या कणाकणावर बुडबुडे जमून वायू भसकन बाहेर पडतो. मीठ अगोदर पाकांतच विरघळवावें. याच कारणास्तव कैरीच्या पन्ह्यासारखें गराळ पेय सोड्यास योग्य नाहीं. करवंद, जांभूळ किंवा आलें-लिंबू यांचा पाक करणारांनीं तो बारीक कपड्यांतून दोनदां गाळावा. मिठांत मुरविलेलें आगळ सोलकढीसाठींच ठेवावें. त्यांतील खारटपणा सोड्यांत सहन होत नाहीं.

हिशेब प्रत्येकानें आपल्या बाजारभावानें करावा. दोन किलो फळें व दोन किलो साखर यांपासून सुमारें पावणेदोन ते दोन लिटर पाक, म्हणजे साठांच्या आसपास पेले होतात. फळ घरचें असल्यास मुख्य खर्च साखर, सोडा व बर्फ यांचाच. एका पेल्यांत 25 ग्रॅमहून अधिक साखर जाते, हें मधुमेही गिऱ्हाईकास विचारण्यापूर्वींच सांगावें.

विक्री करावयाची असल्यास अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, 2006 अन्वयें नोंदणी आवश्यक आहे. बाटलीवर घटक, वजन, तयार केल्याची तारीख व टिकण्याची मुदत छापावी. पाक फार दिवस दुकानांत राहणार असेल तर सोडियम बेंझोएट घालण्याचा प्रघात आहे; तें कायद्यांत ठरविलेल्या मर्यादेंतच, काट्यावर तोलून घालावें, चिमटीनें नव्हे. पेणमध्यें पापड, पोहे व मिरगुंडें विकणारीं दुकानें आहेत, आणि रोह्यास रेल्वेचें स्थानक आहे. पहिल्या वर्षीं पंचवीस-तीस बाटल्या अशा एखाद्या दुकानांत ठेवाव्या, व शेजारीं बर्फाची पेटी आणि साध्या सोड्याच्या बाटल्या ठेवून येणाऱ्यास एक पेला चाखावयास द्यावा. उघडलेली बाटली थंड जागीं ठेवून महिन्याभरांत संपवावी, अशी सूचना चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत असावी.