‘हॅनकॉक’ : काळा अतिमानव आणि मायामीची रात्र

अमेरिकन अतिमानवपटात नायकाचे सामर्थ्य आणि त्याच्यावरची लोकांची श्रद्धा या दोन्ही गोष्टी गृहीत असतात. पीटर बर्ग दिग्दर्शित ‘हॅनकॉक’ने (२००८) पहिली ठेवली आणि दुसरी काढून घेतली. विल स्मिथने उभा केलेला हा काळा माणूस उडतो, गोळ्यांनी मरत नाही. पण दारू पिऊन लॉस एंजेलिसच्या रस्त्यातल्या बाकावर झोपतो आणि पोरेसोरेही त्याला शिवी हासडतात. रुळांवर अडकलेल्या रे एम्ब्री या गोऱ्या गृहस्थाला तो वाचवतो, तेव्हा माणूस वाचला याचा आनंद जमावाला होत नाही. आगगाडी मोडली म्हणून तो हॅनकॉकवरच ओरडतो.

रेचा धंदा जनसंपर्काचा. तो हॅनकॉकला ‘सुधारायला’ घेतो. स्वतःहून तुरुंगात जायचे, दाढी करायची, अंगाला चिकटणारा गणवेष घालायचा आणि पोलिसांना ‘छान काम केलेत’ म्हणायचे! प्रेक्षक हसतो. परंतु नुसते सामर्थ्य पुरत नाही, ते निरुपद्रवी असल्याची हमीही द्यावी लागते, आणि ती हमी कोणाकडून मागितली जाते, हे शाळा-कचेऱ्यांत वावरणाऱ्या आपल्या वाचकाला समजावून सांगायला नको.

उत्तरार्धात रेची गोरी पत्नी मेरी हीसुद्धा अतिमानव निघते. ती आणि हॅनकॉक हे हजारो वर्षांपूर्वीचे जोडपे. जवळ आले की दोघांचे बळ ओसरते. येथे कथानक दुभंगते, ही तक्रार रास्तच आहे. पण ते नेमके कोठे दुभंगते?

ऐंशी वर्षांपूर्वी मायामीच्या रुग्णालयात हॅनकॉक शुद्धीवर आला. स्मृती गेलेली, खिशात ‘फ्रँकेन्स्टाइन’ची दोन तिकिटे. (तो चित्रपट १९३१चा, हिशेब जुळत नाही, ते असो.) सहीला अमेरिकेत ‘जॉन हॅनकॉक’ म्हणतात, कारण १७७६च्या जाहीरनाम्यावरची त्या पुढाऱ्याची ठसठशीत सही. परिचारिकेने त्या शब्दांत सही मागितली आणि याने तेच नाव घेतले. मेरी पुढे सांगते, त्या रात्री दोघांवर हल्ला झाला होता.

कोणी केला? चित्रपट गप्प आहे. त्या काळच्या मायामीत काळा पुरुष व गोरी स्त्री जोडीने रस्त्यावर दिसणे म्हणजे जीवाशी खेळ होता. काळ्या-गोऱ्यांचा विवाह फ्लॉरिडाच्या १८८५च्या राज्यघटनेनेच निषिद्ध ठरवला होता. लग्नाविना अशा जोडप्याने एका खोलीत रात्री राहणे हा तर वेगळाच गुन्हा. तो कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली मोडीत काढला, तोही मायामी बीचच्याच एका खटल्यात. विवाहबंदी जायला १९६७ उजाडले.

यातले काहीही न उच्चारता चित्रपट ताटातुटीला पुराणकथेचा आधार देतो. जवळ आलात तर मराल, म्हणून दूर राहा! कायद्याने आणि झुंडीने लादलेले अंतर येथे निसर्गनियम होऊन बसते. मेरी रेच्या घरात राहते, हॅनकॉक न्यूयॉर्कला निघून जातो आणि रेच्या मोहिमेचे हृदयचिन्ह चंद्रावर रंगवून ठेवतो.